सोर्सकाका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला गुलाबाचं फूल येतं, पावणेसातला आरोग्याचा सल्ला येतो आणि त्यानंतर दोन मिनिटांत काकांचा एकच शब्द येतो, ‘सोर्स?’

काकांची उभी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. पावतीशिवाय रुपया मानायचा नाही, ही सवय निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर जमा करता येत नसावी. मेथी ताजी आहे असं भाजीवाला म्हणाला, हे काकूंनी सांगितलं तरी ते म्हणतात, ‘‘त्याचा त्यात हितसंबंध आहे.’’ काकू मेथी निवडत राहतात. संसार चाललाय तो त्यामुळेच.

2016 च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे आणि नोट जमिनीत 120 मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसते, असा मेसेज आला, तेव्हा काकांना खरा बहर आला होता. पहिल्या मजल्यावरचे आजोबा आठवडाभर नोट ट्यूबलाइटपुढे धरून चिप शोधत होते. काकांनी एवढंच विचारलं, ‘‘विहिरीत उतरलं की मोबाइलची रेंज जाते. ह्या नोटेला कुठल्या कंपनीचं कार्ड आहे?’’

दिवाळीत ‘नासा’ने अवकाशातून टिपलेला रंगीबेरंगी भारत येतो. दर वर्षी काका शांतपणे लिहितात, की हा एका रात्रीचा फोटो नाही, निरनिराळ्या वर्षांतल्या दिव्यांची नोंद एकावर एक ठेवून केलेला नकाशा आहे. 1992, 1998 आणि 2003 मध्ये वाढलेल्या वस्तीचे दिवे कळावेत म्हणून तिला वेगवेगळे रंग दिलेत. दर वर्षी त्याखाली चार जण लिहितात, ‘काका, तुम्हालाही शुभ दीपावली!’

पण सेक्रेटरींना त्यांची धास्ती वाटते ती आकड्यांमुळे. पेव्हर ब्लॉक बसवायला 72 टक्के सभासदांचा पाठिंबा आहे, असं सेक्रेटरींनी एकदा जाहीर केलं. आमची घरं 40. काकांनी गुणाकार करून विचारलं, ‘‘28.8 सभासद होतात. 28 जणांची नावं मी ओळखून आहे. उरलेला पॉइंट आठ कोण?’’ त्यावर पार्किंगमध्ये बरेच दिवस चर्चा चालली. आमच्या मजल्यावरच्या एका बारीक अंगाच्या गृहस्थांचं नाव त्यात उगीच गोवलं गेलं.

अमुक खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका दुप्पट होतो, असं वाचून मीही एकदा घाबरलो होतो. काका म्हणाले, ‘‘दुप्पट म्हणजे लाखात एकाचे दोन, की शंभरात वीसाचे चाळीस? मूळ आकडा कळल्याशिवाय घाबरू नका.’’ मी त्या रात्री दोन भजी जास्त खाल्ली. माणूस त्रासदायक असला तरी उपयोगाचा आहे, हे मला मान्य करावं लागतं.

आणि मग कोजागिरी आली. गच्चीवर दूध आटत होतं, काका रंगात होते. ‘‘पालकात भरपूर लोह असतं म्हणतात ना? एका जर्मन शास्त्रज्ञाच्या हातून दशांशचिन्ह चुकलं आणि आकडा दहापट झाला. पॉपाय त्यावरच पोसला!’’ सगळे हसले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी पेल्यातून तोंड वर काढून म्हणाली,

‘‘काका, सोर्स?’’

दूध उतू गेल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तीन दिवस काका ग्रुपवर फिरकले नाहीत. सेक्रेटरींनी तेवढ्यात दोन कोटेशनं आणि एक वर्गणी मंजूर करून घेतली. चौथ्या दिवशी रात्री साडेबाराला मेसेज आला : ‘पालकाबाबतचा आक्षेप मान्य. 2010 मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने मूळ कागद उकरून पाहिले. दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. पॉपायनेही 1932 च्या चित्रपट्टीत पालकाचं कौतुक केलं ते अ जीवनसत्त्वासाठी. सबब माझं विधान मागे घेतो. हे तपासून न घेता मी 20 वर्षं सांगत होतो.’

खाली त्या मुलीचा अंगठा. मग आणखी सात-आठ अंगठे. आजोबांचं गुलाबाचं फूल.

बारा चौतीसला काकांचा दुसरा मेसेज आला : ‘टँकरचं कोटेशन पाहिलं. रोज सरासरी अडीच टँकर लागतात असं लिहिलंय. सरासरी किती दिवसांची, आणि अर्धा टँकर कुठे मिळतो?’