निकाल तहकूब

मुष्टियुद्धात पूर्वीची रंगत राहिली नाही, ही तक्रार एके काळी त्या विद्येचे जाणकार तेवढे करीत असत. हल्ली ती करंजाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यातही ऐकू येते. आणि ज्या जिन्यात पाण्याचा टँकर, गाड्या लावण्याची जागा व डोक्यावरून जाणारी विमाने या तीन विषयांखेरीज चौथ्यास सहसा प्रवेश मिळत नाही, तेथे ज्याअर्थी मुष्टियुद्धाचा शिरकाव झाला आहे, त्याअर्थी प्रकरण गंभीर आहे असे समजण्यास हरकत नसावी. या खटल्यातले मुख्य फिर्यादी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे आबा. मूळचे कराडकडचे, ऐन तारुण्यात तांबड्या मातीत लोळलेले, पुढे नोकरीनिमित्त मुंबईस आलेले आणि निवृत्तीनंतर सिडकोने वसविलेल्या या वसाहतीत मुलाच्या घरी स्थिरावलेले हे गृहस्थ. त्यांचे दोन्ही कान मोडून घट्ट झालेले असून, त्या कानांची साक्ष कोणत्याही दाखल्यापेक्षा भक्कम मानण्याची आमच्या इमारतीत वहिवाट आहे.

आबांची कैफियत अशी की, झुंजीची गोडी हातपाय किती हलले यावर नसते, तर जोड कशी लागली यावर असते. गावच्या जत्रेत उन्हे कलली की हलगी-घुमके कडाडू लागावे, लांग कसलेल्या पैलवानांनी हात वर करून मैदानाला फेरी मारावी, पंचांनी त्यांतल्या एकास थांबवून त्याच्या खांद्याशी दुसऱ्याचा खांदा ताडून पाहावा, भोवतालच्या गर्दीने 'हलका पडतोय, हलका पडतोय!' असा एकमुखाने हुकूम सोडावा, पंचांनी निमूटपणे तिसरा गडी शोधावा आणि मगच इनामाचा आकडा कर्ण्यावरून पुकारला जावा, असा तो शिरस्ता होता. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत आणि त्याही तितक्याच इमानाने जोडल्या जात. या सबंध व्यवहारात करारनामा नसे, वकील नसे, मुदत नसे; परंतु आपल्याहून सवाई गडी शिताफीने टाळून वर्षानुवर्षे 'अजिंक्य' म्हणून मिरवण्याची सोयही नसे, कारण तो सवाई गडी समोरच फेरी मारीत असे. शिवाय जो चितपट झाला, त्याच्या पराभवाची नोंद कोणाच्या दप्तरी राहत नसे. अंगाची माती झाडावी, नदीवर अंघोळ करावी आणि पुढच्या जत्रेला पुन्हा हात वर करावा.

व्यावसायिक मुष्टियुद्धात दप्तर आहे, आणि माझ्या मते सारे दुखणे त्या दप्तरात आहे. किती लढला, किती जिंकला, किती हरला याची रुजुवात जन्मभर कपाळावर लिहिलेली असल्यामुळे 'हरला' या रकान्यातले शून्य राखणे हा पुरुषार्थ ठरला. फ्लॉइड मेवेदर याने 50 लढती जिंकून ते शून्य शाबूत ठेवले आणि निवृत्तीत नेले. उलट मुहम्मद अली याच्या नावे 61 लढतींत 5 पराभव आहेत, पण त्यापायी त्याची थोरवी तसूभर घटल्याचे ऐकिवात नाही. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत त्याला जमिनीवर बसविले नसते, तर 1975 साली मनिलात त्या दोघांनी एकमेकांच्या देहाचा जो पंचनामा केला, तो पाहण्याचे भाग्य जगाच्या वाट्यास आले नसते. पराभवाची ज्यास धास्ती नाही, त्याचीच झुंज पाहावी.

ज्या दोघांची झुंज व्हावी असे सर्वांना वाटते, त्यांची ती होत नाही. आणि होते तेव्हा ती होण्यात अर्थ उरलेला नसतो. मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांचे बोलणे 2009 च्या अखेरीस सुरू झाले, आणि देण्याघेण्यावरून बैठका मोडत-जुळत एखाद्या घरचे लग्न इतके लांबावे की मुहूर्ताच्या दिवशी वधूवरांपेक्षा भटजी तरतरीत दिसावेत, त्या न्यायाने ती लढत 2 मे 2015 रोजी लागली. तोपर्यंत एकाने अडतिशी गाठली होती व दुसऱ्याने छत्तिशी. एकट्या अमेरिकेत 46 लाख ग्राहकांनी घरबसल्या पाहण्यासाठी सुमारे 100 डॉलर मोजले. मेवेदरने बारा फेऱ्या मागे सरकत, वाकत, वळत, अत्यंत निर्दोष शास्त्रानुसार, कोणाच्याही अंगावर फारसे काही न घडू देता काढल्या, आणि पंचांनी एकमताने त्यास विजयी ठरविले. शास्त्र पाहणाऱ्यांचे डोळे निवले. बाकीच्यांना आपण एवढे पैसे कशाचे दिले हा प्रश्न पडला, आणि तो आजतागायत निकाली निघालेला नाही.

जेता कोण, याविषयीही आता एकवाक्यता राहिलेली नाही. मुष्टियुद्धाच्या जगात पट्टे वाटणाऱ्या प्रमुख संस्था चार असून वजनगट सुमारे सतरा आहेत; म्हणजे प्रत्येक पट्टा निराळ्या कमरेला बसला, तर एकाच वेळी 68 जगज्जेते पृथ्वीवर नांदू शकतात, आणि 'अंतरिम' वगैरे हंगामी नेमणुका यांत धरलेल्या नाहीत. मात्र सातासमुद्रापलीकडच्या या बेबंदशाहीस हसण्यापूर्वी मराठी माणसाने आपल्या आखाड्याकडे पाहावे, हे उत्तम. 1961 साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी यांनी ज्या 'महाराष्ट्र केसरी' किताबाचा मान प्रथम मिळविला, तो किताब एका वर्षी एकालाच मिळतो, अशी आमची भाबडी समजूत होती. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जत येथे, दुसऱ्या गटाच्या संघटनेच्या वतीने, वेताळ शेळके हाही महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही कसलेले मल्ल आहेत, दोघांच्याही मेहनतीस कोणी नाव ठेवू नये; पण महाराष्ट्र एक, जिल्हा एक आणि केसरी दोन, हा हिशेब आबांना काही केल्या जुळविता येत नाही. अहिल्यानगरात तर पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षे आणि पंच यांच्यातच जुंपली आणि राक्षेची लाथ पंचांना लागली. "पंचाला लाथ?" एवढेच आबा म्हणाले, आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

त्याच्या काही महिने आधी, 16 नोव्हेंबर 2024 च्या सकाळी, त्यांना बोलते करण्याचा चंग माझ्या भाच्याने बांधला होता. माईक टायसन पुन्हा उतरणार होता. 1988 साली मायकेल स्पिंक्सला ज्याने अवघ्या 91 सेकंदांत झोपविले, तोच हा टायसन. समोर समाजमाध्यमांवर नाव काढलेला जेक पॉल. एकाचे वय 58, दुसऱ्याचे 27. तीन मिनिटांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या केलेल्या, हातमोजे नेहमीपेक्षा जाड. विधानसभेच्या मतदानास चार दिवस उरले असल्याने खालून प्रचाराच्या रिक्षा आलटून पालटून जात होत्या, आणि पडद्यावरचा निवेदक व रस्त्यावरचा निवेदक यांपैकी कोण कोणास शतकातला महान योद्धा म्हणत आहे, याचा निवाडा करणे काही वेळ दुष्कर झाले. टायसनने आठ फेऱ्यांत 97 ठोसे फेकले. लागले ते 18. मधल्या वेळात तो आपलाच हातमोजा दातांनी चावीत होता. 1997 साली त्याने होलीफील्डचा कान चावला होता, हे लक्षात घेता स्वभावात झालेली ही सुधारणा स्वागतार्ह खरी. पण शेवटच्या फेरीत पॉलने ठोसा मारावयाचे सोडून त्याला वाकून नमस्कार केला, तेव्हा आबा उठून उभे राहिले.

"आबा, निकाल तरी ऐका."

"पोरा, पाया पडायचंच होतं तर घरी जाऊन पडायचं. एवढी माणसं कशाला गोळा केली?"

येथपर्यंतचा पुरावा फिर्यादीच्या बाजूचा झाला. परंतु त्याच सकाळी, त्याच पडद्यावर, या जोडीच्या आधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोन स्त्रियांची लढत झाली होती, आणि तिच्याविषयी आबांनी जी जबानी दिली ती नोंदविणे मला भाग आहे. डोक्यावर डोके आदळून सेरानोची भुवई फुटलेली, डोळ्यावर रक्ताचा ओघळ, तिचे मदतनीस प्रत्येक विश्रांतीत ती जखम दाबून धरीत आहेत, आणि घंटा वाजताच ती पुन्हा टेलरच्या अंगावर जात आहे. दहा फेऱ्यांत एकही अशी नाही की जिच्यात कोणी कोणाला टाळले. तिन्ही पंचांनी टेलरला 95 विरुद्ध 94 असे एका गुणाने विजयी केले. भाचा म्हणाला, हा अन्याय आहे, मी म्हणालो, नाही, आणि आबा, ज्यांच्या हातातला चहा एव्हाना निवून त्यावर साय धरली होती, ते म्हणाले, "भांडा. असं भांडता आलं पाहिजे. जोड लागली होती."

गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांना एक स्मरण देणे मला अगत्याचे वाटते. 1910 साली लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची जी ऐतिहासिक कुस्ती झाली, तिच्यात झ्बिस्को पोटावर पालथा पडून अडीच तासांहून अधिक वेळ धरणीमातेस बिलगून राहिला, आणि अखेर पंचांना कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. फेरलढतीस तर तो आलाच नाही. ज्या प्रेक्षकांनी तिकिटे काढून तो भूमिप्रेमाचा सोहळा पाहिला, त्यांच्यापुढे मेवेदरच्या ग्राहकांनी तक्रार करणे शोभत नाही. पुढे 1928 साली पतियाळात गामाने त्याच झ्बिस्कोला मिनिटभरात चीत केले, म्हणून ती कथा आपण आनंदाने सांगतो. आणखी एक गोष्ट विनोदात घालण्यासारखी नाही. पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या, त्या पाहणाऱ्याची मजा हिरावून घेण्यासाठी नव्हेत. 1982 साली किम ड्युक कू हा कोरियन तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि पुढे मरण पावला, त्यानंतर हा बदल सुरू झाला. ज्या रंगतीसाठी कोणाचे प्राण जावे लागतात, ती गेली तर तिचा शोक मी करणार नाही. आबाही करीत नाहीत.

आमच्या बाजूचेच म्हणावे असे एक उदाहरण राहिले. 5 ऑगस्ट 2017 रोजी वरळीत विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअली याच्याशी दहा फेऱ्या झुंजून निसटता विजय मिळविला. आणि तेव्हा डोकलामला दोन्ही देशांचे सैन्य समोरासमोर उभे असल्यामुळे, सीमेवरील तणाव निवळावा म्हणून जिंकलेला पट्टा परत देण्याची तयारी त्याने जागच्या जागी जाहीर केली. दहा फेऱ्या ठोसे खाऊन मिळविलेली वस्तू शेजारधर्मासाठी परत करू पाहणारा मुष्टियोद्धा जगाच्या इतिहासात दुसरा असेल असे वाटत नाही. मोसमात एवढी एक लढत जरी मुंबईत लागती, तरी करंजाड्याहून लोक गाडीने गेले असते. पण पट्टे परदेशी, पैसा आखाती आणि घड्याळ अमेरिकेचे, अशा या खेळात आमच्या वाट्याला पहाटेची झोपमोड तेवढी येते.

हेवीवेट गटात सर्व पट्टे एका कमरेस यावेत म्हणून लोक या शतकाच्या आरंभापासून ताटकळले होते. 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीस हरवून ते घडविले, आणि पुढच्याच महिन्यात त्याला एक पट्टा सोडावा लागला. 2025 च्या जुलैत वेम्ब्लीवर त्याने ते पुन्हा घडविले, आणि वर्ष सरण्यापूर्वी पुन्हा एक पट्टा सुटला. रंगत मुष्टियुद्धातून गेलेली नाही. ती कचेरीत अडकून पडली आहे, हा माझा अभिप्राय. तेव्हा जोड लावण्याचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत अशा कोणा संयोजकाच्या पाहण्यात हा लेख आलाच, तर त्याने आमच्या आबांना एकवार पंच म्हणून बोलवावे. त्यांना मानधन नको. पनवेलपर्यंतचे रिक्षाभाडे आणि मानाचा नारळ पुरे आहे.