पावती असेल तर बोला

आमच्या मेहुण्यांना आजवर कोणी फसवलेलं नाही, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. डोंबिवलीतले रिक्षावाले त्यांना लांबून पाहिलं की मीटर टाकूनच थांबतात. त्यांचं तत्त्व एकच: पावती मिळाली तर व्यवहार, नाही मिळाली तर लूट.

अशा माणसानं बँकॉकहून कंबोडियातलं अंगकोर वाट पाहायला जमिनीवरून निघायचं ठरवलं. विमानाचं भाडं त्यांना लूट वाटलं, पावती असूनही. थायलंड-कंबोडियाची सीमा २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली आणि जुलैत तिथे तोफा धडाडल्या, त्याआधीची ही गोष्ट. तेव्हा फक्त पाकिटं धोक्यात असत.

बँकॉकहून पहाटे ५.५५ ला सुटणारी तिसऱ्या वर्गाची गाडी पन्नासेक बाहतांत सीमेजवळच्या गावाला पोचवायची. गावाचं नाव अरण्यप्रथेत, म्हणजे सरळ सरळ आपला ‘अरण्यप्रदेश’. तिकीट इतकं स्वस्त, की ‘यात काहीतरी गोम आहे’ म्हणत मेहुण्यांनी तीन जणांकडून खात्री करून घेतली. गोम नव्हती. संपूर्ण प्रवासातला सर्वात सरळ व्यवहार तोच, त्यामुळे त्यांना करमेना.

स्टेशनापासून सीमा सहाएक किलोमीटर. टुकटुकवाल्यानं त्यांना सीमेऐवजी एका कचेरीपुढे उतरवलं. बाहेर झेंडा, आत इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. ‘व्हिसा इथेच मिळतो,’ असं गोड आवाजात सांगण्यात आलं. या मार्गानं गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की कंबोडियाचा व्हिसा थायलंडचा बाहेर पडण्याचा शिक्का बसल्यावर, पलीकडे मिळायचा. त्याआधी जो तुमच्या सोयीसाठी धावत येतो, तो स्वतःच्या सोयीसाठी आलेला असतो. मेहुणे टुकटुकमधून उतरलेच नाहीत. ‘बॉर्डर!’ एवढा एकच शब्द ते अशा आवाजात म्हणाले, की टुकटुक मुकाट्यानं वळली.

पलीकडचं गाव पॉयपेत. तिथल्या व्हिसाची कीर्ती प्रवासी वर्षानुवर्षं गात आले आहेत: दर ३० डॉलर, वर शंभर बाहतांची दक्षिणा. किंवा मग सगळेच पैसे बाहतांत मागायचे आणि हिशेब चुकवायचा. जाणकारांचा सल्ला असायचा, की कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्याव्यात, भांडू नये, हसत हसत उभं राहावं. थोड्या वेळानं खिडकीलाच तुमचा कंटाळा यायचा.

मेहुण्यांनी मात्र घरूनच ई-व्हिसा काढला होता. ३६ डॉलर.

‘भावजी,’ मी म्हटलं, ‘शंभर बाहत म्हणजे तीन डॉलर. ते वाचवायला तुम्ही सहा डॉलर जास्त भरलेत.’

‘सहाची पावती आहे,’ ते म्हणाले.

दोन देशांच्या शिक्क्यांमधल्या पट्ट्यात ओळीनं कॅसिनो उभे होते. थायलंडमध्ये कॅसिनोंना बंदी, म्हणून तिथले शौकीन चार पावलं टाकून इकडे यायचे. गावात सर्वात जास्त पैसे तिथेच जायचे, पण त्याला कोणी फसवणूक म्हणत नसे. मेहुण्यांनी त्या दिशेला मानही वळवली नाही.

कंबोडियात वाहनं आपल्या उलट, उजव्या बाजूनं धावतात, म्हणून जपायचं. पण मेहुण्यांना धडक बसली ती उभ्या बसची. बसवर लिहिलं होतं, ‘फुकट’. ज्यांनी दिवसभर प्रत्येक हात झिडकारला, ते या शब्दापुढे विरघळले. तिकीटच नाही, तर पावतीचा प्रश्न येतो कुठे? बसनं त्यांना गावाबाहेरच्या एका एकाकी स्थानकावर फुकट नेऊन सोडलं. तिथून अंगकोर वाटचं गाव सिएम रीप दीडशे किलोमीटर. दुसरं वाहन नाही, आणि दर स्थानक सांगेल तो. किती दिले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘गाडीला एसी होता,’ एवढंच म्हणाले.

घरी परतल्यावर ते वर्षभर प्रवचन देत होते: फसायचं कसं नाही.

मग एका दुपारी त्यांना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पोलिसाचा गणवेश, मागे झेंडा. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये आक्षेपार्ह वस्तू सापडल्या आहेत. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.’ ताई सांगते, साहेबांना नीट ऐकू जावं म्हणून मेहुण्यांनी पंखा बंद केला आणि ते उभे राहिले. टुकटुकमधून न उतरलेला माणूस खुर्चीतून उठला! चौकशी दोन दिवस चालली. तीन डॉलरसाठी लढलेला योद्धा बँकेत स्वतः जाऊन मुदत ठेव मोडून आला.

फोन कुठून होता, देव जाणे. पण २०२५ च्या फेब्रुवारीत कंबोडियाच्या पोलिसांनी ऑनलाइन फसवणुकीच्या एका अड्ड्यावर छापा घालून २१५ परदेशी माणसं बाहेर काढली, त्यांत ४८ भारतीय होते, अशी बातमी आली. गाव पॉयपेत. म्हणजे खिडकीवर शंभर बाहत मागणारे त्या गावातले किरकोळ विक्रेते होते; घाऊक व्यापार भिंतीआड चालला होता. तिथे जायला गाडी, टुकटुक, व्हिसा काही लागत नाही. गावच घरी येतं.

मी बातमी दाखवली, तर मेहुण्यांनी कपाट उघडून एक कागद पुढे केला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत.

‘फसवणूक कशी म्हणता?’ ते हळूच म्हणाले. ‘पावती आहे.’