फणसाचं वय

सावंतवाडी, बांदा आणि पेडणे ही गावं इतकी जवळ, की आमच्या घराण्यातलं भांडण सकाळी पहिल्या गावात पेटलं तर जेवणवेळेपर्यंत तिसऱ्यात पोचतं. माणसं तीच, मासळी तीच, फणसही तोच. तो तोडायचा म्हटला की मात्र कायदे तीन.

सावंतवाडीत नगरपरिषद, म्हणून तिथे 1975 चा शहरी झाडांचा कायदा. 2021 च्या दुरुस्तीनं त्यात ठरलं, की तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. तीही सहा ते आठ फुटी, आणि वर सात वर्षं जगवायची. पन्नाशी गाठली की झाड वारसावृक्ष.

थोरल्या काकांचा फणस पडवीच्या कौलांवर ओणवा झालाय. पूर्वी काका पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, “आमच्या आज्यान लावलेलो, शंभर वर्सां झाली!” नियम कळल्यापासून फणस तरुण होऊ लागला. गणपतीत सत्तरीचा होता, दिवाळीत पंचावन्नचा. उपवर मुलाचं वयसुद्धा इतक्या झपाट्यानं उतरत नाही. पाहणीला साहेब आले तेव्हा काका म्हणाले, “चाळीशीच्या वर जावचो नाय.” तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “माज्या लग्नात ह्येचेच गरे वाडलेले, सायबांनू!” काकूंच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव कधीच होऊन गेलाय. साहेबांनी बुंध्याला टेप गुंडाळली, घेर वहीत लिहिला आणि फणस कापा की बरका, एवढंच विचारलं.

खरं सांगायचं तर मला हा वयाचा नियम आवडतो. आज्यानं लावलेला फणस तोडून त्याबदली एक गुलमोहर खोचायचा आणि फोटो काढायचा, हा निव्वळ चावटपणा. पण साठेक झाडं काकांच्या अंगणात लावायची तर विहीर, तुळशीवृंदावन आणि बहुधा खुद्द काका, यांना दुसरीकडे हलवावं लागेल. जागा नसेल तर झाडाच्या मोलाइतके पैसे भरायची सोय आहे म्हणतात. ते ऐकून काका फणसाकडे प्रथमच आदरानं बघू लागले.

बांद्याला ग्रामपंचायत, म्हणजे 1964 चा कायदा. त्याला वयाशी कर्तव्य नाही, जातीशी आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, साग अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, माड नाही. धाकटे काका म्हणूनच निर्धास्त. त्यांच्याकडे माडच माड. दोडामार्गाच्या पट्ट्यात तर 2013 पासून उच्च न्यायालयाची तोडबंदी, त्यामुळे तिकडचा आतेभाऊ या चर्चेत तोंडच उघडत नाही.

पेडण्यात गोव्याचा 1984 चा कायदा. तिथे झाड म्हणजे ज्याच्या खोडाला फांद्या फुटतात ते. माडाला कुठल्या फांद्या? 2016 साली सरकारनं माडाला झाडांतून काढून टाकलं. आतेच्या परसातल्या माडावर नारळ काढणारा पाडेली मात्र आपला चढतच राहिला, त्याला कोणी कळवलंच नव्हतं. आते कडाडली, “माड झाड न्हय, तर आमी इतलीं वर्सां शिंपलें तें कितें?” गोवाभर बोंब झाली आणि 2017 मध्ये माड पुन्हा झाड झाला. मधल्या काळातल्या नारळांची सोलकढी नेमकी कशाची, हा आतेचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

थोरल्या काकांनी शेवटी गवंडी बोलावला आणि पडवीच दोन हात आत घेतली. पडवी आज्याच्याही आधीची. तिचं वय कोणी विचारलं नाही.