तासाभराची मुंबई

तिकिटावर 'प्रवासाचा वेळ : एक तास' असं वाचून आमच्या आबांनी चष्मा पुसला. "मिसळीला दुसऱ्यांदा कट मागवेपर्यंत मुंबई? नाद खुळा!"

कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर. रस्त्यानं पावणेचारशे. रेल्वे मात्र मिरज, पुणं करत पाचशेच्या वर जाते. मुंबई एकच, अंतरं तीन. त्यातलं सगळ्यात लांबचं कोल्हापूरकराला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये तो रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि झोपेत गेलेला वेळ प्रवासात धरत नाही. विमानात तासभर जागं राहावं लागतं.

त्या तासासाठी आबा पहाटेच उठले. शिवाजी पेठेतून उजळाईवाडी दहा किलोमीटर, पण पोचवायला अकरा माणसं, म्हणजे दोन गाड्या. वाटेत एक चहा. विमान उडायच्या तीन तास आधी आबा हजर, कारण "यष्टी थांबंल, ह्ये नाही थांबायचं." बॅगेत कांदा-लसूण मसाला, तीन किलो. मुंबईतल्या लेकीला तिथलं तिखट तिखट लागत नाही. उतरल्यावर सांताक्रूझहून फोर्ट गाठायला पावणेदोन तास. तीनशे किलोमीटर तासात आणि शेवटचे पंचवीस किलोमीटर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळात!

तसं विमान आम्हाला नवं नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, इथं विमानतळ झाला. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १९४९ साली. म्हणजे मुंबईत सामील व्हायच्या दहा वर्षं आधी आमची उडायची सोय तयार होती. पुढं विमानसेवा सुरू झाली, बंद पडली, 'उडान' योजनेत २०१८ साली पुन्हा सुरू झाली. दर खेपेला नारळ फुटला. मार्च २०२४ मध्ये तर राजवाड्यासारखं नवं टर्मिनल उघडलं. आत उभं राहिलं की विमानाला उशीर झाला तरी चालेल असं वाटतं.

आबांचं मुंबईत काम एकच : चुलतभावाशी बांधावरून चाललेला दावा, हायकोर्टात. त्यासाठी किती रात्री महालक्ष्मीत गेल्या, त्याचा हिशेब नाही. हे अंतर तोडायला विमान पुरेना, तेव्हा इथल्या वकिलांनी दुसराच मार्ग धरला. मुंबईला जाण्यापेक्षा मुंबईच इकडं आणायची! कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडवर बसू लागलं. हवाई अंतर शून्य. पेठेतून चालत वीस मिनिटं.

अख्ख्या गावानं साखर वाटली. आबा तेवढे गप्प होते. रात्री जेवताना हळूच म्हणाले, "आता परत विमानात बसायला कारण काय सांगायचं?"