शिंगवाल्या सिंहिणीवरची पोरगी

"मॅडम, हे पोरीसोरींचं पुस्तक तुम्ही कायले वाचता?" एसटीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला निघालेली गाडी. वैनगंगेच्या पुलाआधी मला प्रकरण संपवायचं होतं, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते.

आवडतं म्हणून वाचते. पुरेसं आहे.

टोमी अडेयेमी ही नायजेरियन वंशाची अमेरिकन लेखिका. 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' ही तिची कादंबरी २०१८ साली आली. झेली नावाच्या पोरीच्या लोकांची जादू राजानं संपवली, जादू जाणणाऱ्यांची कत्तल केली. त्यात तिची आई गेली. ती जादू परत आणायला झेली निघते आणि राजपुत्र इनान तिच्या मागावर असतो. ज्या जादूचा द्वेष करायला त्याला लहानपणापासून शिकवलं, तीच त्याच्या अंगात जागी होते! मग शिकारी आणि सावज स्वप्नात भेटू लागतात. तिथून पुढे मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही. झेलीचं वाहन म्हणजे शिंगं असलेली एक प्रचंड सिंहीण. वाघाच्या भीतीनं बायका घोळक्यानं मोहफुलं वेचायला जातात त्या मुलखात बसून, एक पोरगी सिंहिणीच्या पाठीवरून जंगल तुडवते आहे हे वाचताना काय वाटतं, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचं नाही.

जादू आणि प्रेम मराठीला परकं आहे असं कुणी म्हणू नये. नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तिच्यात प्रेम आहे आणि उडतं विमानही आहे. आपल्या रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, अशी तक्रार रिसबुडांनी प्रस्तावनेत केली होती. मला ती पटत नाही. जगणं नीरस आहे म्हणून मी अद्भुताकडे जात नाही. मी ज्या गावात राहते ते गावच अद्भुतावर उभं आहे.

खांडक्या बल्लाळशहाची कथा इथल्या पोरांना पाठ असते. राजाचं अंग व्याधीनं भरलेलं. शिकारीत तहानलेला तो झरपटीच्या पात्रातल्या पाण्यानं हातपाय धुतो, आणि व्याधी ओसरल्याचं आधी राणीच्या लक्षात येतं. पुढे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला राजाला दिसतो. इथे नगर वसवा, असं सांगते तीही राणीच. परकोटाच्या आतलं चंद्रपूर त्या सशाच्या धावेवर उभं आहे, असं आम्ही मानतो. आणि प्रेमच हवं असेल तर अचलेश्वराशेजारी जा. राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशहासाठी बांधलेली समाधी तिथे आहे.

झाडीपट्टीत तर धान घरात आलं की रात्र-रात्र नाटकं चालतात. पहाटे तीनला अंगावर चादर ओढून नायिकेसाठी रडणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही, यातून काय मिळालं? हा प्रश्न पुस्तक वाचणाऱ्या बाईलाच का?

खरी रुखरुख दुसरीच आहे. 'चांदोबा' सुटतो तिथून मोठ्यांच्या कादंबरीपर्यंत मराठीत पोरींच्या हाती ठेवण्यासारखं फार थोडं आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मन सगळ्यात जास्त पेटलेलं असतं, आणि तेव्हाच आपण पोरीपुढे स्पर्धा परीक्षेचं गाइड सरकवतो. अडेयेमीनं योरुबा लोकांच्या दैवतांवरून आपलं जग रचलं; त्या दैवतांची पूजा आजही होते. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या मुलांना लिंगोनं सोडवलं, ही इथल्या गोंड माणसाची श्रद्धा आहे. तिला हात लावायचा हक्क माझा नाही. पण एखाद्या माडिया पोरीनं आपल्या जंगलाची, आपल्या पेनांची म्हणजे दैवतांची, आपल्या प्रेमाची कादंबरी लिहिली, तर मी ती रांगेत उभी राहून घेईन.

त्या दिवशी मूलला एक शाळकरी पोरगी गाडीत चढली आणि माझ्या सीटला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं आवाज आला, "पान नका ना पलटवू, माझं व्हायचं आहे." इंग्रजी शब्दांखालून बोट फिरवत ती वाचत होती. अडलं की अर्थ विचारायची, मी सांगायची. शेजारचे गृहस्थही ऐकत होते; त्यांनी सरकून तिला जागा करून दिली. व्याहाड आलं तशी ती दप्तर सावरत उठली. "मॅडम, त्या राजपुत्रानं तिला धरून तर नाही दिलं?"

मी सांगितलं नाही. पुस्तक मिटलं आणि तिच्या हातात दिलं.