डोळ्याला डोळा

विचारी माणसाला झोप लागत नाही आणि मला झोप लागत नाही, ही दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं पाठोपाठ म्हणत आलो. निष्कर्ष ऐकणाऱ्यानं काढायचा. लग्नाच्या पंगतीत कुणी नुसतं "काय म्हणता?" विचारलं तरी मी डोळे किंचित मिटून सांगायचो, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो." समोरचा "अरेरे" म्हणाला की बरं वाटायचं. निद्रानाशाला एक घराणं आहे. ॲसिडिटीला नाही, ती कुणालाही होते. जागरण व्हायला डोक्यात काहीतरी असावं लागतं.

बायको अशा वेळी पानातला पापड मोडत बसे. एकदाच म्हणाली, "डोळ्याचं मला माहीत नाही, पण काल नाकाला उसंत नव्हती."

घोरणारा माणूस स्वतःच्या घोरण्याचा साक्षीदार कधीच नसतो, म्हणून हा आरोप एकतर्फी आहे, असं मी म्हटलं. तिनं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. ते पिठाच्या गिरणीतलं आहे यावर मी ठाम राहिलो.

आता रात्रीची तूट भरायची तर दुपारी आडवं होणं आलंच, आणि त्याला मी शास्त्राधार शोधून ठेवला होता. इथे वाचकांनी थोडं सोसावं, कारण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तिघांना चरक शरीराचे उपस्तंभ मानतात, पण दुपारच्या झोपेच्या बाबतीत त्यांचा हात जरा आखडता आहे. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये, कफ-पित्त वाढतं. मात्र एवढं बजावून झालं की सवलतींची यादी सुरू होते, आणि हा माणूस मनानं किती मऊ असावा ते कळतं. गाऊन दमलेला, अध्ययनानं झिजलेला, मद्यानं गळालेला, ओझी वाहणारा, वाट तुडवून आलेला, म्हातारा, लहान मूल, रागानं, शोकानं किंवा भीतीनं थकलेला, अजीर्ण झालेला या सगळ्यांनी दुपारी खुशाल झोपावं. मी स्वतःला 'अध्ययन' या रकान्यात बसवलं होतं. रविवारी मटण असल्यामुळे 'अजीर्ण'ही हाताशी असे. त्याच अध्यायातलं एक वाक्य मात्र मी भराभर ओलांडायचो. मेद वाढलेल्यांनी आणि नित्य तूप-तेल खाणाऱ्यांनी दिवसा कधीही झोपू नये, असं ते आहे. त्यातला 'कधीही' मला अनावश्यक कठोर वाटतो. पण चरकांनी आणखी एक सोय करून ठेवली आहे. बसल्या बसल्या काढलेली डुलकी शरीराला रूक्षही करत नाही आणि कफही वाढवत नाही! हे ज्यानं नोंदवलं त्यानं लांबलचक सभा पाहिल्या असणार. मी हा उपचार व्याख्यानमालांमधून, शक्यतो पहिल्या रांगेत बसून घेत आलो.

त्यातल्याच एका व्याख्यानात वक्त्यांना माझ्यामुळे दोनदा थांबावं लागलं, आणि मुलीनं मला छातीच्या डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं. त्यांनी एक रात्र दवाखान्यात झोपायला सांगितलं. डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. या थाटात ब्रह्मदेवालाही झोप लागणार नाही, म्हणजे माझा निद्रानाश आता कागदावर सिद्ध होणार, या आनंदात मी आडवा झालो.

रिपोर्टात झोप सहा तासांहून जास्त निघाली. शिवाय दर तासाला ३४ वेळा श्वास अडलेला. तिशीच्या वर गेलं की तीव्र म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू दचकून उठतो, श्वास घेववतो आणि परत झोपतो. सकाळी तुम्हाला काही आठवत नाही, पण रक्तदाब आणि हृदय हिशोब ठेवतात." म्हणजे माझा मेंदू रात्री जागा असायचा हे खरं होतं. तो चिंतन करत नव्हता, एवढंच.

मग त्यांनी बायकोला विचारलं, "श्वास थांबतो हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो. आवाज बंद पडला की मी आकडे मोजते. दहा-बाराच्या आत येतो. नाही आला तर कोपर मारते."

"कधीपासून?"

"सासूबाई होत्या तेव्हापासून."

तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दक्षिणेकडच्या एका लोककथेत लक्ष्मण चौदा वर्षं वनात जागा राहतो आणि त्याच्या वाटची झोप ऊर्मिला घरी घेते. आमच्याकडे झोप मी घेतली, पहारा तिनं केला आणि जागरणाची सहानुभूती पुन्हा मीच गोळा केली. "झोप झाली का?" हे या घरात सगळे मला विचारत. दुपारी मी आडवा झालो की कुकरसुद्धा लावायचा नाही, असा नियम होता. पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या बाईला तो प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय विचारायचं?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता मी रात्री मास्क लावतो. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं हे यंत्र १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे आणलं. नातू मला 'गणपतीआजोबा' म्हणतो. सुरुवातीला आवाज नाही म्हणून बायको घाबरून उठायची आणि नळीवर हात ठेवून हवा चालू आहे ना ते बघायची. हळूहळू तिची सवय सुटली. मध्ये एकदा ती चक्क साडेसातपर्यंत झोपली. चहा मी केला. पाणचट झाला, असं तिनं सांगितलं.

हे यंत्र रोज सकाळी तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा दाखवतं. पाचाच्या आत चांगला. माझा परवा २.१ आला. मी तो लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, कुणी न विचारता सांगत होतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर ऐकून घेऊन म्हणाले, "अच्छा. माझा १.४ असतो."

मी त्यांना यंत्र एकदा तपासून घ्यायला सांगितलं.