कोचला नारळ, मालकाला हार

छत्रपती संभाजीनगरात देशाच्या बड्या लीगमध्ये खेळणारा एकही फुटबॉल क्लब नाही. ही मोठी सोय आहे. आपला क्लबच नसल्यामुळे जगातल्या कुठल्याही क्लबच्या कोचला काढावं की ठेवावं, यावर या शहराइतकं निःपक्षपाती मत दुसरीकडे मिळायचं नाही. आमखास मैदानावर सभा आणि फुटबॉल आळीपाळीनं नांदतात, पण फुटबॉल खेळणाऱ्यांपेक्षा फुटबॉलवर बोलणारेच गावात जास्त. शनिवारी रात्री मँचेस्टर युनायटेड हरलं की रविवारी उस्मानपुऱ्यात, शहागंजात, टीव्ही सेंटरला चहाच्या गाड्यांवर खटला उभा राहतो. आरोपी गैरहजर असतो, त्याला वकील मिळत नाही आणि दुसरा चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो : "निकालो मियाँ उसको, टीम का कबाड़ा कर दिया!"

या कोर्टात पक्ष दोनच. काढा पक्ष आणि ठेवा पक्ष.

काढा पक्षाचं म्हणणं सुटसुटीत असतं. पाच सामने हरला, नारळ द्या. ठेवा पक्ष थोडा वाचलेला असतो. त्याच्या खिशात एक दाखला कायम असतो, अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचा. नोव्हेंबर 1986 मध्ये आला, साडेतीन वर्षं हाताला काही लागलं नाही, 1989 मध्ये प्रेक्षकांनीच त्याला निरोपाचे फलक दाखवले, तरी क्लबनं दम धरला. मे 1990 मध्ये एफए कप आला आणि 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत कपाटात 38 चषक जमा झाले. दाखला शंभर टक्के खरा आहे. पण आमचे आजोबा रोज दोन बंडल विड्या ओढून नव्वद वर्षं जगले, हेही खरंच असतं. म्हणून डॉक्टर कुणाला विड्या लिहून देत नाहीत. ज्यांच्यावर विश्वास टाकला आणि तरीही क्लब बुडाला, त्या कोचांची चरित्रं कुणी छापत नाही.

दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमतानं गप्प असतात. फर्ग्युसन गेल्यावर मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शेअर, टेन हाग, अमोरिम अशी रांग त्या खुर्चीवरून उठून गेली. मोयेसला करार सहा वर्षांचा दिला आणि दहा महिन्यांत परत घेतला. क्लबवर वरचष्मा ठेवणारं ग्लेझर कुटुंब मात्र 2005 पासून तेच. अलीकडे एक भागीदार आला, एवढाच काय तो फरक. इतक्या कोचांना जाब विचारला, पण मालकाला विचारायचं आपल्या चहाच्या गाडीवर कुणाला सुचलं नाही. कोच बदलणं हे क्लबमधलं सगळ्यात स्वस्त काम आहे. खेळाडू बदलायला पैसे लागतात, मैदान सुधारायला वर्षं लागतात आणि मालक बदलायला तर मालकाचीच परवानगी लागते.

"प्रशिक्षकावर आमचा पूर्ण विश्वास आहे" असं पत्रक निघालं की प्रशिक्षकानं बॅग भरायला घ्यावी, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. 1982 ते 1988 या काळात या राज्यानं अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. निलंगेकर आणि चव्हाण तर आपल्याच मराठवाड्यातले. प्रत्येकावर दिल्लीचा पूर्ण विश्वास होता. विश्वास दिल्लीतच राहिला, मुख्यमंत्री तेवढे ये-जा करत राहिले.

तेव्हा क्लबमालकांच्या सोयीसाठी आम्ही एक नियमावली तयार केली आहे. हरकती व सूचना असल्यास त्या स्वतःजवळच ठेवाव्यात.

एक : कोच नेमताना पाच वर्षांचा आराखडा जाहीर करावा. तो रंगीत छापावा, म्हणजे वाचण्याची वेळ येत नाही.

दोन : खेळाडूंची निवड मालकानं, मालकाच्या सल्लागारानं किंवा सल्लागाराच्या भाच्यानं करावी. पराभव मात्र कोचच्या खाती नोंदवावा.

तीन : पाचव्या पराभवानंतर पूर्ण विश्वास जाहीर करावा. सहाव्यानंतर परस्परसंमतीनं निरोप द्यावा. परस्परसंमती म्हणजे मालकाची संमती, दोन प्रतींत.

चार : नवा कोच आल्यावर तेच खेळाडू, तेच मैदान आणि तेच थकलेले पगार त्याच्या हवाली करून त्याला नवी दिशा असं म्हणावं.

पाच : एवढं करूनही संघ हरत राहिला, तर गाव बदलावं.

पाचवा नियम अतिशयोक्ती वाटत असेल तर पुणेकरांना विचारा. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा क्लब निघाला. मालकांच्या यादीत हृतिक रोशन, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता. पहिल्या वर्षी कोच इटलीचे फ्रांको कोलोंबा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. तिसऱ्या वर्षी अँतोनियो हबास, ज्यांनी कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं. चौथ्या वर्षी रांको पोपोविच आले आणि संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. संघ वर चढलाय म्हटल्यावर पाचव्या वर्षी कोच बदलणं ओघानंच आलं. मिगेल आंगेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत परस्परसंमतीनं गेले. मग प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी गाडा ओढला आणि डिसेंबर 2018 मध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. पाच हंगाम, सात माणसं. मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि 2019 मध्ये क्लबच उठला. त्याची जागा हैदराबादला गेली, सोबत ब्राउनसाहेबही गेले आणि जानेवारी 2020 मध्ये तिथून त्यांनाही नारळ मिळाला.

हैदराबादनं मग मानोलो मार्केस नावाच्या स्पॅनिश माणसाला आणलं. पहिल्या हंगामात संघ पाचवा आला, बाद फेरी हुकली. नियमावलीनुसार नारळ फोडायला हवा होता. तो फोडला नाही आणि 2022 मध्ये हैदराबाद विजेता ठरला. ठेवा पक्षानं इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण जरा बेतानं. कारण पुढे त्याच क्लबमध्ये खेळाडूंचे पगार थकले, खेळाडू सोडून गेले आणि 2025 मध्ये ती फ्रँचायझी दिल्लीला हलली. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी परत नेली, म्हणून सहाशे-सातशे वर्षं आपण त्याला वेडा म्हणतोय. आता त्याची माफी मागायला हवी. त्याला फ्रँचायझी मॉडेल फार आधी कळलं होतं, एवढंच.

कोचला काढल्यावर काय होतं याचा मुंबईनं दिलेला धडा तर पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. मुंबई एफसी नावाचा पिवळ्या जर्सीतला क्लब होता. कूपरेजवर खेळायचा. 2009 पासून त्याची सूत्रं खालिद जमीलकडे होती. तुटपुंज्या पैशांत, फार नाव नसलेल्या पोरांना घेऊन सात वर्षं त्यानं संघ आय-लीगमध्ये टिकवला. चषक नाही, झगमगाट नाही, पण एकदाही संघ खालच्या पायरीवर घसरू दिला नाही. नुसतं टिकून राहणं ही कर्तबगारी मालकांना दिसत नाही, ती फक्त बुडाल्यावर दिसते. 2016 मध्ये क्लबनं खालिदला निरोप दिला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसीनं वर्षभरातच दोन कोच वापरले, तो तळाला जाऊन लीगबाहेर फेकला गेला आणि नंतर बंदच पडला. त्याच हंगामात, एप्रिल 2017 मध्ये, खालिदनं मिझोरमच्या ऐजॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. आदल्या वर्षी हाच ऐजॉल लीगमधून खाली गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती.

एवढं वाचून ठेवा पक्ष फटाके लावायला निघाला असेल, तर थांबा. गोव्याचं ऐका. जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवानं सर्जियो लोबेराला काढलं, तेही संघ साखळी फेरीतल्या अव्वल संघाला मिळणाऱ्या शील्डच्या शर्यतीत पुढे असताना. बातमी वाचणाऱ्यांना वाटलं छपाईची चूक आहे. पण घरच्याच क्लिफर्ड मिरांडानं सूत्रं हाती घेतली आणि गोव्यानं शील्ड जिंकलीही. मग लोबेरा मुंबई सिटीला गेला, गोव्याचे बूमू, जाहू, फॉल, मंदार राव देसाई हेही तिकडेच आले आणि 2020-21 मध्ये मुंबई सिटीनं शील्ड आणि चषक दोन्ही उचललं. आधीचा कोच जॉर्ज कॉस्टा याच्या जागी लोबेरा आणण्याचा निर्णय बरोबरच ठरला. म्हणजे काढूनही जिंकता येतं. फक्त लक्षात घ्या की त्याआधी, नोव्हेंबर 2019 मध्ये, मुंबई सिटीची मालकीच सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेली होती. मालकाला काय हवंय ते ठाऊक होतं, पैसे होते, खेळाडू कुठले आणायचे हे ठरलेलं होतं. कोच बदलणं हे त्या कामातलं शेवटचं पान होतं. आपल्याकडे बहुतेक क्लब त्या शेवटच्या पानालाच पुस्तक समजतात.

देशाच्या संघाचीही तीच कथा. भारताचे कोच स्टिमाच यांचा करार ऑक्टोबर 2023 मध्ये 2026 पर्यंत वाढवला. जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, एक गोलसुद्धा झाला नाही. जूनमध्ये त्यांना काढलं आणि वर भरपाई दिली. मग मार्केस आले, तेही एफसी गोवा सांभाळत. देशाचा संघ हा जोडधंदा ठरला. ते वर्षभरात गेले आणि ऑगस्ट 2025 मध्ये आपला तोच खालिद जमील भारताचा कोच झाला. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरनं 2-1 नं हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. चहाच्या गाडीवर लगेच निकाल : काढा. त्याच हंगामात देशाची मुख्य लीग वेळेवर सुरूच झाली नव्हती, कारण महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं कुणी ठरवलं नव्हतं. खेळाडूंना खेळायला लीग नाही, याबद्दल खालिदला नेमका कुठला बदली खेळाडू उतरवता आला असता, ते कुणी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या गावाला याचं काय? क्लब नाही, हे खरं. पण महापालिका आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मिटमिट्यात मार्चमध्ये दंगल पेटली. सरकारनं काय केलं? पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि महापालिका आयुक्तांची बदली केली. कचरा मात्र बदली न झाल्यामुळे महिनोन् महिने शहरातच मुक्कामी राहिला. जायकवाडीवरून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचं भूमिपूजन 12 डिसेंबर 2020 रोजी झालं. तेव्हा ती 1680 कोटींची होती, पुढे 2740 कोटींवर गेली. दरम्यान आयुक्त बदलले, मुख्यमंत्री बदलले, पालकमंत्री बदलले. नव्या माणसाच्या स्वागताला आपण हार घेऊन जातो, जुन्याच्या नावानं बोटं मोडतो आणि नळाकडे बघत बसतो.

या मातीत फक्त एका मॅनेजरला हा खेळ नीट कळला होता. मलिक अंबर. 1600 मध्ये त्यानं मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि 1610 मध्ये त्यालाच दूर करून त्याच्या मुलाला बसवलं. मॅनेजरनं मालक बदलला! 1616 मध्ये रोशनगावला त्याचा मोठा पराभव झाला, मोगलांनी त्यानं वसवलेली खडकी जाळली. आजचा क्लब असता तर त्याच रात्री पत्रक निघालं असतं. पण मालक बदलण्याची सोय त्याच्याच हातात असल्यामुळे तो टिकला, गावात नहरीचं पाणी खेळवलं आणि 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. खडकी म्हणजे आपलं हेच गाव.

सगळ्याच कोचांनी मलिक अंबरचा कित्ता गिरवावा, असं आम्ही म्हणत नाही. लीगच्या नियमात ते बसत नाही. पण चहाच्या गाडीवरच्या न्यायमूर्तींना एक विनंती आहे. पुढच्या वेळी संघ हरला की निकाल देण्याआधी मालकाला तीन प्रश्न विचारा. खेळाडू कुणी निवडले? पगार वेळेवर झाले का? आणि नव्या कोचला असं काय देणार आहात, जे जुन्याला दिलं नव्हतं? तिन्हींची उत्तरं असली तर कोच काढा, खुशाल काढा. मुंबई सिटीसारखा फायदाही होईल. एकाचंही उत्तर नसेल तर कोच ठेवा, कारण त्याच्या जागी येणाराही तेच हरणार आहे. आणि हेच तीन प्रश्न आयुक्त बदलल्याच्या आनंदात हार घेऊन निघताना विचारायला विसरू नका. फरक एवढाच की तिथे मालक आपणच आहोत, त्यामुळे उत्तरंही आपल्यालाच द्यावी लागतील.